आवक क्रमांक एक

आमच्या कॉलेजचे निवृत्त हेडक्लार्क वारले तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी दोनदा दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. पहिल्यांदा रीत म्हणून, दुसऱ्यांदा सरांच्या मोबाइलमुळे.

शोकसभा संपली होती. लोक चपला शोधत होते, कुणी चहाचं विचारत होतं. तेवढ्यात सर दारात हात आडवे करून उभे राहिले. "कुणी जाऊ नका. लोकेशन बंद होतं."

फोटोच्या कोपऱ्यात गावाचं नाव, अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ उमटायला हवी होती, ती उमटली नव्हती. म्हणजे फोटो होता, पण तो कुठला ते सिद्ध होत नव्हतं. म्हणजे शोकसभा झालीच नव्हती. आम्ही परत आत गेलो, आपापल्या जागी उभे राहिलो आणि माना खाली घातल्या. सर म्हणाले, "एवढ्या खाली नको, चेहरे आले पाहिजेत. अन् मघासारखंच तोंड करा."

धुरपतामावशी मागून बोलली. ही आमच्या कॉलेजची सेविका. झाडलोटीपासून चहापर्यंत सगळं तिच्याकडे, आणि तोंडाला लगाम नाही. "सर, माणूस एकदाच मेलाय जी."

"मावशी, त्याचा पुरावा त्यांच्या घरच्यांकडं हाय. आपल्याकडं काय हाय?"

हेडक्लार्कांचे जावई अहमदपूरहून मुद्दाम आले होते. तेही दोन्ही वेळा उभे राहिले. दुसऱ्या वेळी त्यांनी हळूच घड्याळ बघितलं, तेही फोटोत आलं आहे.

सर भूगोलाचे. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, जळकोटच्या बाजूला, आमचं कॉलेज. मी तिथे रसायनशास्त्र शिकवते. मी रुजू झाले तेव्हा सर नकाशे शिकवायचे आणि बरे शिकवायचे. मग एक दिवस दिल्लीकडच्या कुठल्याशा कार्यालयाला वाटलं की देशातल्या कॉलेजांची गुणवत्ता मोजली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत गुणवत्ता कक्ष हवा, कक्षाला समन्वयक हवा. त्या बैठकीत सगळ्यांनी खाली बघितलं. सरांनी वर बघितलं. तिथून भूगोल संपला.

गुणवत्ता कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. तिच्यात सात निकषांच्या सात रंगांच्या फायली. कुठल्या फायलीत काय आहे ते सरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. वर्गातल्या मुलांची नावं मात्र त्यांना हजेरीपट बघितल्याशिवाय आठवत नसत. कुणी म्हटलं, "सर, काल वर्गात छान चर्चा झाली," की ते चष्मा कपाळावर सारून एकच शब्द म्हणायचे, "पुरावा?" मुलांनी त्यांचं नावच पुरावा सर पाडलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना वावगं वाटत नव्हतं.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. "माणूस बडबडतो, कागद बोलतो." "झालं ते झालं नव्हं, दिसलं ते झालं." आणि कुणी फार वाद घातला तर, "मॅडम, मला पटून काय उपयोग? कमिटीला पटाया पाहिजे."

ही कमिटी दर पाच वर्षांनी यायची. तीन माणसं, बाहेरच्या राज्यातली, दोन दिवस. बाकीचे अठराशे चोवीस दिवस आम्ही त्या दोन दिवसांची तयारी करायचो.

कॉलेजात एक फ्लेक्सचं बॅनर होतं. त्यावर वर कॉलेजचं नाव, खाली "मान्यवरांचे हार्दिक स्वागत", आणि मधे मोकळी पांढरी जागा. त्या जागेत कार्यक्रमाचं नाव आणि तारीख कागदावर लिहून टाचणीनं लावायची. योग, मतदार जागृती, ओझोन, महिला सक्षमीकरण, सगळं त्या एका बॅनरवर झालं. एकदा वारं सुटलं आणि कागद उडाला. तेव्हा प्रमुख पाहुण्या, लातूरच्या एक डॉक्टरीणबाई, अर्धा तास कुठल्याच विषयाशिवाय बोलल्या. सरांनी भाषण थांबवलं नाही, पण फोटोही काढला नाही.

आणि तो पाइप. लातूरकडच्या माणसाला पाण्याचं काय सांगायचं? छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवा, असा एक निकष आला. सरांनी गच्चीपासून भिंतीवरून निळा पाइप खाली आणला. त्यावर बाण काढले, पाटी लावली, फोटो काढला. पाइप जमिनीपासून हातभर वर संपतो. खाली शोषखड्डा नाही. पावसात त्यातून पाणी धो धो पडतं आणि ऑफिसच्या दारात डबकं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "निकषात पाइप विचारलाय, मॅडम. खड्ड्याचा फोटो येत न्हाई, वरून झाकलेला असतो."

नवं परिपत्रक आलं की सरांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. ते स्टाफरूममध्ये येऊन उभ्यानं वाचून दाखवायचे. काल आडवा मागितलेला तक्ता आज उभा हवा आहे, एका रकान्याचे दोन झाले आहेत, तीन वर्षांची माहिती आता पाच वर्षांची द्यायची आहे. आम्ही कपाळाला हात लावायचो. सर तिथल्या तिथे बाह्या सारायचे. पाच वर्षांची माहिती दोन रकान्यांत भरणारा मराठवाड्यातला पहिला माणूस मीच असणार, असा काहीसा भाव असायचा. नांदेडला विद्यापीठात कार्यशाळा असली की ते पहाटेच्या एसटीनं जायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि शेवटी शंका विचारायचे. त्यांनी शंका विचारली की सभागृहातले बाकीचे लोक जेवायला उठायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती संडासाची आहे. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी मुरडावं.

आमच्या कॉलेजात मुलींसाठी दोन स्वच्छतागृहं आहेत. जुनं मैदानाच्या टोकाला, बाभळींच्या मागे. त्याला दार होतं तेव्हा कडी नव्हती, नंतर दारही गेलं. दुसरं नवं. मागच्या कमिटीच्या आधी तीन आठवड्यांत बांधलेलं. पांढऱ्या फरशा, आरसा, हात धुवायचं भांडं, दारावर बाईच्या चेहऱ्याचं चित्र. कमिटी आली, दाराशी उभी राहिली, म्हणाली "व्हेरी गुड," आणि गेली. त्याच संध्याकाळी सरांनी त्याला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या जुडग्यात गेली.

मी किल्ली मागितली.

"मॅडम, ते पुराव्याचं हाय. वापरलं तर खराब होईल."

"सर, ते वापरायलाच असतं."

"पुढल्या कमिटीला काय दाखवू मग? पिवळ्या फरशा?"

प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, "सरांना विचारा." आमच्याकडे प्राचार्य बदलत राहिले, उत्तर तेच राहिलं.

माझं प्रॅक्टिकल दोन वाजता असतं. आमच्या मुली आसपासच्या खेड्यांतून काळी-पिवळी जीपनं येतात. सकाळी आठला घर सोडतात आणि परतीची एसटी साडेपाचला. पण एक वाजता एक जीप निघते. हळूहळू मुली एकच्या जीपनं जायला लागल्या. तेवीस मुलींपैकी दोन वाजता प्रयोगशाळेत सात असायच्या, कधी पाच. मी हजेरी कापली, रागावले, पालकांना फोन केले. एकीचे वडील म्हणाले, "पोरीचं पोट दुखतंय मॅडम, काय करावं?" मला वाटलं बहाणा.

मग शीतल नावाची मुलगी तीन आठवडे दिसली नाही. हुशार मुलगी. टायट्रेशनला तिचा हात वर्गात सगळ्यांत स्थिर. परत आली ती वाळून. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग, ताप, लातूरला दवाखान्यात राहिली होती. मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"लई पाणी प्या म्हणले."

"मग पीत जा."

ती हसली. टिंगलीनं नाही, मोठ्या माणसाला लहान गोष्ट समजावताना हसतात तसं. "पाणी पेलं तर जायचं कुठं, मॅडम? आमी घरून निघताना पेत न्हाई, इथं बी पेत न्हाई. घरी गेल्यावरच. बाबा म्हणून राहिलेत, प्रॅक्टिकलचा विषय सोड अन् बीए कर. न्हाईतर घरीच बस."

इतकी वर्षं मी हजेरी कापत होते. मला लाज वाटली, पण लाज वाटून घेण्यात कुणाचं पोट दुखायचं थांबत नाही. परीक्षेला चार महिने होते. तेवढ्यात कुलूप निघालं नाही तर ही मुलगी आणि तिच्यासारख्या दहा-बारा विज्ञान सोडणार होत्या.

आणि मग ते परिपत्रक आलं.

तोवर आमच्या फाटकावर पाटी होती, "तक्रारमुक्त महाविद्यालय". सरांचीच कल्पना. जिन्याजवळ एक तक्रारपेटी टांगलेली होती. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन साक्षीदारांसमोर ती उघडायची, रिकाम्या पेटीचा आतून फोटो काढायचा आणि रजिस्टरात लिहायचं, "निरंक". अशी सहा वर्षं निरंक होती. एक महिना पेटीत पाल निघाली. साक्षीदारांत मी होते. सरांनी पाल बाहेर काढली आणि मग फोटो काढला.

नवं परिपत्रक म्हणत होतं की ज्या संस्थेत एकही तक्रार नाही तिथली तक्रार निवारण यंत्रणा चालत नाही असं समजण्यात येईल. किती तक्रारी आल्या, त्यांवर काय कार्यवाही केली, वर्षवार पुरावे जोडा.

ते वाचताना सरांचा आवाज पहिल्यांदाच अडखळला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसले. "म्हणजे तक्रार पाहिजे," ते म्हणाले.

दुपारी फाटकावरची पाटी उतरली. दुसऱ्या दिवशी सर वर्गावर्गात फिरले. "पोरांनो, तक्रार करा. घाबरू नका. काय बी करा, पण करा." मुलं घाबरली. ज्या माणसानं सहा वर्षं पेटीत कागद पडू दिला नाही तो आता तक्रार मागतोय, म्हणजे यात काहीतरी सापळा असणार. पुढच्या पाच तारखेला पेटीत चार कागद निघाले. एकात लिहिलं होतं, "सर्व शिक्षक लई चांगले शिकवतात." दुसऱ्यात, "माझी काही तक्रार नाही, त्याबद्दल क्षमस्व." तिसरा कागद एका मुलाचा होता, त्याला एसटीचा पास पाहिजे होता. चौथा कोरा होता, खाली सही.

सर गळून गेले. "मॅडम, तुमच्याकडं कुणी रडणारी पोरगी न्हाई का?" त्यांनी मला खरंच असं विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

शीतलला प्रयोगशाळेत बोलावलं आणि म्हटलं, लिही. ती म्हणाली, सर नापास करतील. मी म्हटलं, सर भूगोलाचे आहेत आणि तुला भूगोल नाही. तिनं लिहिलं. सरळ, चार ओळींत. मुलींचे नवीन स्वच्छतागृह कुलूपबंद आहे. किल्ली गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकांकडे आहे. त्यामुळे आम्हाला त्रास होतो. कुलूप उघडावे ही विनंती.

त्यापुढच्या पाच तारखेला पेटी उघडली. सरांनी कागद उलगडला. त्यांचा चेहरा फुलला. आधी त्यांनी मजकूर वाचलाच नसावा, नुसती तक्रार आहे एवढंच पाहिलं असावं. शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला, मारला आणि रजिस्टरात लिहिलं, "आवक क्रमांक एक". मग मजकूर वाचला. तक्रार त्यांच्याविरुद्ध होती.

दुसऱ्या कुणी कागद खिशात घातला असता. सरांनी स्वतःला नोटीस काढली. सात दिवसांत खुलासा सादर करावा. जावक क्रमांक घालून ती स्वतःच्याच टेबलावर ठेवली आणि पोचपावतीवर सही केली. सुनावणीची तारीख दिली.

सुनावणी जिन्याखालच्या खोलीत झाली. समितीचे अध्यक्ष प्राचार्य, ते नेहमीप्रमाणे नंतर सही करणार होते. सचिव सर. महिला सदस्य मी. तक्रारदार शीतल, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. साक्षीदार धुरपतामावशी, दाराला टेकून.

"तक्रारदार हजर?" सरांनी विचारलं.

"हाव, सर."

"गैरअर्जदार हजर?"

सर उठले, टेबलाला वळसा घालून शीतलच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हजर." मग परत आले आणि लिहून घेतलं.

"आपल्याकडं किल्ली आहे काय?" पुन्हा वळसा. "आहे." परत आले, लिहिलं. "कुलूप का लावलं?" वळसा. "पुढील समितीपर्यंत स्वच्छ राहावं म्हणून."

शीतलनं तोंडात ओढणी कोंबली होती. मावशी म्हणाली, "सर, एकाच खुर्चीत बसा की. चक्कर येईल."

"मावशी, कामकाज चालू हाय."

आपल्या खुर्चीत येऊन सरांनी आपलाच खुलासा पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, खुलासा समाधानकारक वाटत न्हाई."

"मलाही नाही वाटत."

"मावशी, साक्षीदार म्हणून तुमचं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं, ज्यानं कुलूप लावलं त्यानं एक दिवस सकाळपासून बाभळीमागं जाऊन बघावं. पावसाळ्यात. चिखलात. अन् वर माणसं मैदानात क्रिकेट खेळून राहिलेली."

सरांनी "साक्षीदाराचे म्हणणे नोंदवले" असं लिहिलं. चिखल आणि क्रिकेट दोन्ही लिहिलं, मी बघितलं. निकाल दिला, तक्रार मान्य. कुलूप उघडण्यात यावं. जुडग्यातून किल्ली काढून त्यांनी शीतलच्या हातात ठेवली आणि मोबाइल काढला. "हसू नको. तक्रारदार हसत नसतो."

आम्ही तिघी तिकडे गेलो. कुलूप उघडलं. फरशा पांढऱ्याशुभ्र होत्या, आरशावर कोळिष्टक. नळ फिरवला. नळ कोरडा. पाइप भिंतीत जाऊन संपत होता. दाराला आतून कडी नव्हती. दिव्याला होल्डर होता, बल्ब नव्हता. कमिटी आत गेली नव्हती, हे तेव्हा कळलं.

मी तशीच परत आले. "सर, पाणी नाही."

"तक्रारीत पाणी न्हाई. कुलूप हाय. कुलूप उघडलं."

"मग पाणी?"

"त्याची स्वतंत्र तक्रार." मग ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणून, विश्वासात घेतल्यासारखं म्हणाले, "मॅडम, घाई करू नका. पाच वर्षांचं चक्र हाय. या वर्षी कुलूप. पुढल्या वर्षी पाणी. मग कडी. मग बल्ब. पाचव्या वर्षी कचऱ्याचा डबा. वर्षवार पुरावे मागितलेत. ह्याला सातत्यपूर्ण सुधारणा म्हणतात."

एका संडासाची पंचवार्षिक योजना. तो माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या क्षणी मला त्याच्या डोक्यावर सात निकषांच्या सातही फायली हाणाव्याशा वाटल्या.

हाणल्या नाहीत. प्रयोगशाळेत परत आले आणि मुलींना म्हटलं, एकीनं एकच गोष्ट लिहायची. पाणी एकीनं, कडी एकीनं, बल्ब एकीनं. बादली, प्लॅस्टिकचा मग, डबा, आरसा पुसण्याचं फडकं. रोज चार कागद. भीती गेली होती, कारण शीतलनं तक्रार केली आणि तिला काही झालं नव्हतं, उलट तिचा फोटो निघाला होता. शिवाय आता पेटी रोज उघडावी लागेल, असं मी सरांना सुचवलं. "वाढती तक्रारसंख्या, सर. यंत्रणा सक्षम असल्याचं लक्षण."

आवक क्रमांक चौसष्टपर्यंत गेला. सरांची शाई संपली. एका डोळ्यात आनंद, एका डोळ्यात भीती. पंधरा दिवसांत कार्यवाही करायची असा नियम त्यांनी स्वतःच केला होता आणि तो भिंतीवर लावलेला होता. ते रोज संस्थेच्या अध्यक्षांना पत्र पाठवायला लागले. पाइप, कडी, बल्ब, बादली.

एक दिवस अध्यक्षसाहेब स्वतः आले. आमच्या अध्यक्षांची गाडी फाटकात शिरली की कॉलेज आपोआप शांत होतं. त्यांनी प्राचार्यांच्या खोलीत सरांना आणि मला बोलावलं. टेबलावर तक्रारींचा गठ्ठा.

"काय लावलंय हे? शाळा-कॉलेज हाय का तहसील? फाडा सगळं."

सर उभे होते. त्यांचे हात एकमेकांत अडकवलेले होते. "साहेब, आवक क्रमांक पडला."

"मग खोडा क्रमांक."

"खाडाखोड दिसते, साहेब."

"रजिस्टरच नवीन करा की मग."

"त्याला कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू?"

साहेब सरांकडे बघत राहिले. सरांची निवृत्ती दोन वर्षांवर होती आणि निवृत्तीचे सगळे कागद याच माणसाच्या सहीनं जाणार होते. हे सरांना माहीत होतं, साहेबांना माहीत होतं आणि साहेबांनी ते बोलूनही दाखवलं. "तुमचे कागद बी एक दिवस माझ्याच टेबलावर येणार हायत."

सरांच्या अडकवलेल्या बोटांची नखं पांढरी पडली होती. "हाव, साहेब. त्याला बी आवक क्रमांक पडेल."

मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी साहेबांना उलट बोलताना ऐकलं नाही. तेही उलट बोलणं नव्हतं. ते माहिती देत होते. मुलींसाठी ते उभे राहिले नव्हते, क्रमांकासाठी राहिले होते. मुलींना त्यानं काही फरक पडला नाही.

साहेब उठले. "बोअरचा पाइप जोडा, काय जोडायचं ते जोडा, अन् हा तमाशा बंद करा."

आठ दिवसांत पाणी आलं. कडी, बल्ब, डबा, सगळं आलं. सरांनी प्रत्येकाचा फोटो काढला. मावशी बादली घेऊन उभी राहिली, तर म्हणाले, "बादली पुढं धरा, तुमी मागं." पुढच्या महिन्यात माझ्या दोनच्या प्रॅक्टिकलला अठरा मुली होत्या. शीतल बीएला गेली नाही. आता नांदेडला एमएस्सी करते आहे. या सगळ्यात एकच माणूस कष्टी होता. सर मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "एका वर्षात सगळं उरकलं, मॅडम. आता चार वर्षं काय दाखवू?"

त्यांच्या निरोप समारंभाला तेच बॅनर होतं, मधे कागद टाचलेला. शाल-श्रीफळ घेताना त्यांनी फोटो काढणाऱ्याला थांबवलं, त्याच्या हातातून मोबाइल घेतला, लोकेशन चालू आहे ना ते बघितलं आणि मग वाकले. त्यांचे कागद साहेबांनी पाच महिने अडकवले, ते सगळ्यांना माहीत आहे. सर दर सोमवारी ऑफिसात येऊन विचारायचे, रागावायचे नाहीत. आवक क्रमांक सांगायचे आणि बसून राहायचे. पाचव्या महिन्यात सही झाली.

त्याच काळात नवं परिपत्रक आलं. आता कमिटी येणार नाही. सगळी माहिती संगणकावरच भरायची, संगणकच तपासणार. मी ते सरांना वाचून दाखवलं, कारण समन्वयकाचं काम आता माझ्याकडे आलं होतं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं.

"म्हणजे कुणीच बघाया येणार न्हाई?"

"नाही."

"मग निळ्या पाइपाचं काय?"

त्यांनी मला किल्ल्यांचा जुडगा दिला, सात फायली दिल्या आणि तक्रारींचं रजिस्टर दिलं. मी चाळलं. दोन ते चौसष्ट, प्रत्येकीपुढे लाल शाईत "निकाली". क्रमांक एकपुढे काहीच नव्हतं.

"सर, ही राहिली. हिचा तर सगळ्यात आधी निकाल दिला होता तुम्ही."

"राहिली न्हाई, मॅडम. ठेवलीय." त्यांनी रजिस्टराचं शेवटचं पान उघडून दाखवलं. बारीक, सुबक अक्षरात टिपण होतं. "आवक क्रमांक एक निकाली काढू नये. निकाली काढल्यास पुढील वर्षासाठी तक्रार शिल्लक राहणार नाही." खाली सही, तारीख.

मला वाटलं होतं, यामागे काहीतरी थोर निघेल. असलं काही नव्हतं.

गेल्या महिन्यात साहेब आले. इकडेतिकडे बघत स्वच्छतागृहासमोर थांबले. आतून पाण्याचा आवाज येत होता. म्हणाले, "आता कमिटी तर येत न्हाई. ही जागा चांगली बांधलेली हाय, कोरडी करून परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांना द्या. कुलूप लावून घ्या."

"देता येणार नाही, साहेब."

"काय म्हणलात?"

"मुलींची तक्रार अजून चालू आहे. आवक क्रमांक एक. निकाली निघालेली नाही."

त्यांनी माझ्याकडे तसंच बघितलं, जसं सरांकडे बघितलं होतं. माझ्या निवृत्तीला नऊ वर्षं आहेत. गाडी गेल्यावर मावशी फडकं पिळत म्हणाली, "बाई, तुमी बी तसल्याच झालात की."

मी जिन्याखाली गेले आणि रजिस्टर उघडलं. क्रमांक एकपुढे त्या दिवसाची तारीख घालून लिहिलं, "कार्यवाही चालू". मग मोबाइल घेऊन परत आले, लोकेशन चालू आहे ना ते बघितलं आणि कुलूप नसलेल्या दाराचा फोटो काढला.